नवागत सहाध्यायी आणि बालपुस्तकांचे संस्कार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाची संहिता)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आनंद साजरा करताना मागे वळून पाहणे स्वाभाविक आहे. ज्यांनी पायाचे दगड रचले त्यांचे स्मरण करणे हे कर्तव्यही आहे. परंतु उत्सवाचे दिवस सरले की पुढील पन्नास वर्षांचा विचार सुरू होतो, आणि तो विचार मुलांपासूनच सुरू करावा लागतो. म्हणून आजच्या चिंतनासाठी वरकरणी लहान, पण परिणामाने मोठा असा एक विषय योजिला आहे. परगावाहून, परप्रांतातून आलेल्या मुलाकडे त्याच्या वर्गातील मुले कोणत्या दृष्टीने पाहतात, आणि ती दृष्टी घडविण्यात बालपुस्तकांचा काही उपयोग होऊ शकतो काय, हा तो विषय होय.

प्रथम एक वर्ग डोळ्यांसमोर आणावा. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आहे. यंत्रमागांच्या गावातील पाचवीचा वर्ग. त्यात एक नवी मुलगी येते. वडील बिहारहून मागावर कामाला आलेले. मुलीला मराठी समजू लागले आहे, पण बोलताना 'ळ'चा 'ल' होतो. बाई तिला धडा वाचावयास सांगतात. पहिल्याच ओळीत ती अडखळते आणि वर्गात हशा पिकतो. हसणारी मुले दुष्ट नसतात. घरी आजीच्या पाया पडणारी, आजारी मित्राला वही पोहोचविणारी अशीच ती असतात. त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर आणखी एक मुलगी आहे. ती हसली नाही. तिला वाईट वाटले. पण ती काही बोललीही नाही. मधल्या सुट्टीत नवी मुलगी भिंतीकडे तोंड करून एकटीच डबा खाते, आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी आपल्या मैत्रिणींच्या घोळक्यात बसून तिच्याकडे चोरून पाहत राहते.

हे चित्र कल्पनेतील असले तरी अपरिचित नाही. आजचे सारे विवेचन या दोन मुलींविषयी आहे, आणि त्यातही अधिक करून त्या दुसऱ्या मुलीविषयी आहे.

प्रश्नाचे स्वरूप

आपला देश सतत चालत असलेला देश आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी लोकांची नोंद स्थलांतरित म्हणून झाली. त्यात विवाहामुळे गाव बदलणाऱ्या स्त्रियांचा भाग फार मोठा आहे हे खरे. तथापि पोटासाठी घर सोडणाऱ्यांची संख्याही थोडी नाही. बीड आणि परिसरातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत घालून कारखान्यांच्या दिशेने निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वीटभट्ट्या, इमारतींची बांधकामे, भिवंडी आणि इचलकरंजीचे यंत्रमाग यांवर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, कर्नाटक येथून माणसे येतात. २०२० च्या टाळेबंदीत हमरस्त्यांवरून चालत निघालेल्या कुटुंबांची दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. एरवी डोळ्यांआड असणारी ही माणसे त्या काही आठवड्यांत दिसली, आणि त्यांच्या कडेवरची मुलेही दिसली.

या मुलांसाठी कायद्याने काही केलेले नाही असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा अधिकार दिला. शाळा बदलण्याचा अधिकार दिला, आणि दाखला येण्यास विलंब झाला या कारणाने प्रवेश नाकारता येणार नाही असेही ठरविले. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळांचा, पुढे हंगामी वसतिगृहांचा प्रयोग महाराष्ट्राने केला. मुंबई महानगरपालिका तर मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शाळा चालवीत आली आहे. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यामध्ये २०१७ साली 'रोशनी' नावाचा उपक्रम सुरू झाला. इतर राज्यांतून आलेल्या कामगारांच्या मुलांना त्यांच्या भाषेतून हात धरून मल्याळमपर्यंत आणावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे.

हे सर्व स्तुत्य आहे. परंतु कायदा शाळेचे दार उघडू शकतो. बाकावर सरकून जागा करून देणे कायद्याच्या हाती नाही. ते शेजारी बसणाऱ्या मुलाच्याच हाती आहे. आणि ते मूल सरकून बसेल की दप्तर मध्ये ठेवील, हे त्याच्या मनात नवागताचे जे चित्र असेल त्यावर ठरते. ते चित्र कोण रंगवितो? काही अंशी घर, काही अंशी गल्ली, काही अंशी दूरचित्रवाणी आणि आता हातातील मोबाईल. पुस्तकाचा वाटा यात फार थोडा उरला आहे. तो वाढविता येईल काय, हाच प्रश्न आहे.

शंभर पोशाखांची गोष्ट

अमेरिकेत १९४४ साली एलेनॉर एस्टिस या लेखिकेचे 'द हंड्रेड ड्रेसेस' हे छोटेसे पुस्तक प्रसिद्ध झाले. आपल्याकडील अनेक विद्यार्थ्यांना ते परिचित असेल, कारण राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेच्या दहावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात त्याचा अंश अनेक वर्षे होता. पुढे अभ्यासक्रम कमी करताना तो वगळला गेला. लेखिकेच्या स्वतःच्या बालपणातील एका वर्गमैत्रिणीची आठवण या कथेमागे आहे.

वांडा पेत्रोन्स्की ही पोलिश कुटुंबातील मुलगी. आई नाही, वडील आणि भाऊ यांच्यासह गावाबाहेरच्या उंचवट्यावर राहते. नाव उच्चारावयास कठीण, बुटांना चिखल, अंगावर रोज तोच एक विटलेला निळा पोशाख. धुतलेला, पण कधी नीट इस्त्री न झालेला. एके दिवशी ती सहज सांगून जाते की आपल्या घरी कपाटात शंभर पोशाख आहेत. त्या दिवसापासून पेगी नावाची लोकप्रिय मुलगी रोज शाळेच्या वाटेवर तिला अडवून अत्यंत सभ्यपणे विचारते, किती पोशाख आहेत म्हणालीस? वांडा शांतपणे सांगते, शंभर. मुली हसतात. हा खेळ रोज चालतो.

पेगीची मैत्रीण मॅडी. ती स्वतः गरीब; पेगीचे जुने कपडेच तिची आई तिच्या मापाचे करून देते. तिला हा खेळ आवडत नाही. परंतु आपण बोललो तर उद्या आपलीच पाळी येईल या भयाने ती गप्प राहते. पुढे शाळेत चित्रस्पर्धा होते. निकालाच्या दिवशी वर्गाच्या भिंतींवर चहूकडे पोशाखांची चित्रे लावलेली असतात, शंभर चित्रे, प्रत्येक निराळे, एकाहून एक सुंदर. सारी वांडाने काढलेली. बक्षीस तिचे असते. पण ती वर्गात नसते. थोड्याच वेळात तिच्या वडिलांचे पत्र येते. मुलीच्या नावाची चेष्टा आता पुरे झाली, आम्ही मोठ्या शहरात जात आहोत, तेथे विचित्र नावांची माणसे पुष्कळ असतात, असा त्याचा आशय. मॅडी आणि पेगी धावत तिच्या घरी जातात. घर रिकामे असते. क्षमा मागावयास माणूसच उरलेले नसते.

या कथेचे मर्म वांडाच्या दुःखात नाही, मॅडीच्या गप्प राहण्यात आहे. लेखिकेने वाचणाऱ्या मुलाला वांडाच्या जागी बसविलेले नाही. त्याला मॅडीच्या जागी बसविले आहे. कारण बहुतेक मुले ना वांडा असतात, ना पेगी. बहुतेक मुले तिसऱ्या बाकावर बसलेली असतात. नवागताला दुखविणारे हात थोडे असतात. ते घडू देणारे पुष्कळ असतात. सदाचाराचा उपदेश करणाऱ्या शेकडो गोष्टींत ही गोष्ट वेगळी ठरते ती एवढ्याचसाठी. कपड्याच्या धंद्यातील माणसाला तर ती अधिकच बोचते. अंगावरील कापडावरून माणसाची पत जोखण्याची सवय बाजाराला असते, आणि बाजारातून ती वर्गापर्यंत जाण्यास वेळ लागत नाही.

पुस्तकाने मन बदलते काय?

व्यवहारी माणूस येथे साहजिकच विचारील की गोष्ट सुंदर आहे, पण तिने मुलांचे वागणे बदलते याला प्रमाण काय? प्रश्न योग्य आहे. माल चांगला दिसतो म्हणून घ्यावयाचा नसतो, धुवून पाहावा लागतो.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहाच्या स्वरूपावर ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या गटांतील माणसे केवळ एकत्र आली म्हणजे पूर्वग्रह जातो असे नाही, हे त्याने दाखविले. दोन्हीकडचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट एक असावे, त्यासाठी सहकार्य करावे लागावे, आणि वडीलधाऱ्यांचा, अधिकारी व्यक्तींचा त्याला पाठिंबा असावा. तरच सहवासाचा उपयोग होतो. १९९७ साली स्टीफन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला एक जोड दिली. स्वतःची परक्याशी मैत्री नसली, पण आपल्यापैकी कोणाची तरी त्याच्याशी मैत्री आहे हे कळले, तरीही मन मवाळ होते, असे त्यांना आढळले. येथेच पुस्तकाला वाव मिळतो. ज्या वर्गात अजून नवागत आलाच नाही, तेथेही गोष्टीतील मैत्री आधीच येऊन बसू शकते.

इंग्लंडमध्ये लिंडसे कॅमेरॉन, ॲडम रटलंड आणि सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. पाच ते अकरा वर्षांच्या २५३ मुलांवर हा अभ्यास झाला. इंग्रज मूल आणि निर्वासित मूल यांच्या मैत्रीच्या गोष्टी आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, लहान गटांत वाचून दाखविल्या आणि त्यांवर चर्चा केली. ज्यांनी गोष्टी ऐकल्या त्या मुलांचा निर्वासितांविषयीचा भाव, न ऐकलेल्या मुलांच्या तुलनेत अधिक अनुकूल झाला.

या अभ्यासाची खरी शिकवण मात्र पुढे आहे. गोष्टी तीन प्रकारे सांगितल्या होत्या. एका प्रकारात पात्रांच्या वैयक्तिक गुणांवर भर होता, कोण कोठला याला महत्त्व नव्हते. दुसऱ्यात सारे एकाच शाळेचे विद्यार्थी आहेत यावर भर होता. तिसऱ्यात दोन्ही गोष्टी होत्या. सारे एका शाळेचे, आणि तरीही हा निर्वासित, तो इंग्रज, ही ओळख न पुसलेली. सर्वाधिक परिणाम या तिसऱ्या प्रकाराचा झाला. म्हणजे नवागताने आपले मूळ विसरून आपल्यासारखे व्हावे, मग आम्ही त्याला जवळ करू, ही भूमिका मुलांच्या मनालाही तितकीशी मानवत नाही. एकत्वही हवे आणि वेगळेपणही हवे. उभे धागे आणि आडवे धागे आपापल्या दिशा सोडीत नाहीत म्हणूनच कापड तयार होते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. सोलापूरला पिढ्यान्‌पिढ्या चादरी आणि टॉवेल विणणारी तेलुगू भाषक कुटुंबे आहेत. त्यांची मुले घरात तेलुगू आणि पेठेत अस्सल सोलापुरी मराठी बोलतात. तिकडे तंजावरात साडेतीनशे वर्षांपूर्वी गेलेली मराठी घराणी दारी तमिळ आणि घरी आपली मराठी बोलत राहिली. सोलापूरचा तेलुगू माणूस कमी सोलापूरकर नाही आणि तंजावरचा मराठी माणूस कमी मराठी नाही.

इटलीमध्ये लोरिस वेझाली आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किशोरवयीन विद्यार्थ्यांना सुट्टीत वाचण्यासाठी पुस्तके दिली होती. भिन्न संस्कृतींतील लोकांच्या संबंधांविषयीची पुस्तके वाचलेल्या मुलांची स्थलांतरितांविषयीची दृष्टी सुधारली आणि त्यांच्याशी पुढे संबंध ठेवण्याची तयारी वाढली. इतर पुस्तके वाचलेल्यांत तसा बदल दिसला नाही. याच संशोधकांचा पुढील एक प्रयोग हॅरी पॉटरच्या लोकप्रिय कथांवर होता. प्राथमिक शाळेतील ३४ मुलांना सहा आठवडे त्यांतील उतारे वाचून दाखविले. एका गटाला पूर्वग्रहाविषयीचे, दुसऱ्याला अन्य. पहिल्या गटातील मुलांची स्थलांतरितांविषयीची भावना सुधारली, परंतु सर्वांची नव्हे. ज्या मुलांना कथानायक आपला वाटला, त्यांचीच. ३४ ही संख्या फार लहान आहे, हेही ध्यानात ठेवावे. पण त्यातून मिळणारी सूचना मोलाची आहे. जी गोष्ट मुलाला आवडलीच नाही, ती त्याच्यावर संस्कारही करू शकत नाही. उपदेशासाठी लिहिलेली कंटाळवाणी पुस्तके कितीही सद्भावनेने वाटली तरी ती कपाटातच राहतात.

आरसा आणि खिडकी

अमेरिकेतील विदुषी रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली एका छोट्या निबंधात बालपुस्तकाला आरशाची आणि खिडकीची उपमा दिली. काही पुस्तकांत मुलाला स्वतःचा चेहरा दिसतो, तर काहींतून दुसऱ्याचे घर दिसते. ज्या मुलाला पुस्तकात आपला चेहरा कधीच दिसत नाही, ते आपण या जगात मोजलेच जात नाही असे समजू लागते. आणि ज्याला सर्वत्र आपलाच चेहरा दिसतो, ते जग आपल्यापुरतेच आहे असे समजते. दोघांचेही नुकसानच आहे. बीडहून आलेल्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला आपली कोपी, आपली बैलगाडी, पहाटे फडावर जाणारी आपली आई चित्रांच्या पुस्तकात दिसली, तर त्याची मान ताठ होईल. आणि तेच पुस्तक कारखान्याच्या गावातील मुलाने वाचले, तर त्याला साखरेच्या पोत्यामागचा माणूस दिसेल.

काही पुस्तकांनी हे फार सुंदर रीतीने साधले आहे. ऑस्ट्रेलियातील शॉन टॅन यांचे 'द अरायव्हल' हे २००६ सालचे पुस्तक शब्दांवाचून आहे. त्यांचे वडील मलेशियातून तेथे स्थायिक झालेले. एक माणूस कुटुंब मागे ठेवून अनोळखी शहरात येतो. तेथील लिपी, प्राणी, अन्न, यंत्रे, सारे चित्रकाराने कल्पनेने निर्माण केलेले. त्यामुळे कोणत्याही देशाच्या वाचकाला त्या शहरात उतरल्यावर नवागताइतकेच गोंधळल्यासारखे होते. पाटी वाचता न येणे म्हणजे काय, हे शंभर व्याख्यानांनी कळणार नाही ते येथे कळते. शब्द नसल्यामुळे ते मराठी वर्गातही जसेच्या तसे उघडता येते.

ऑस्ट्रेलियातीलच इरेना कोबाल्ड यांनी लिहिलेले आणि फ्रेया ब्लॅकवुड यांनी चित्रे काढलेले 'माय टू ब्लँकेट्स' हे २०१४ सालचे पुस्तक लहानग्यांसाठी आहे. परदेशी आलेली मुलगी घरी गेली की आपल्या जुन्या शब्दांच्या उबदार पांघरुणात शिरते. बाहेरचे शब्द तिला थंड वाटतात. बागेत भेटलेली एक मुलगी तिला रोज एकेक शब्द आणून देते, आणि हळूहळू त्या शब्दांचे दुसरे पांघरूण तयार होते. जुने टाकावे लागत नाही. ती दोन पांघरुणांची धनी होते.

मराठीत आणि भारतीय भाषांत साधने नाहीत असेही नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने एकच बालपुस्तक अनेक भारतीय भाषांत देण्याची परंपरा निर्माण केली. २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर असंख्य भाषांतील बालकथा विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत. तेच चित्र, तीच गोष्ट, एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस हिंदी, कन्नड किंवा तेलुगू अशी ठेवता येते. साने गुरुजींनी आयुष्याच्या अखेरच्या काळात आंतरभारतीचे स्वप्न पाहिले. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांना समजून घ्यावे, ही त्यांची तळमळ होती. त्या स्वप्नाचा एक लहानसा तुकडा पाचवीच्या वर्गातील पेटीत ठेवता येईल, इतके आज ते सुलभ झाले आहे.

जपावयाची पथ्ये

औषधाला पथ्य असते, तसे यालाही आहे. पहिले पथ्य असे की नवागत मुलाला प्रदर्शनाची वस्तू करू नये. गोष्ट वाचून झाल्यावर शिक्षकांनी त्यालाच उभे करून "आता तुझे हाल सांग" असे म्हणणे ही क्रूरता आहे. दुसरे, दया आणि मैत्री यांत अंतर आहे. ज्या पुस्तकात परप्रांतीय मूल सदैव गरीब, रडवे आणि आपल्या उपकारांची वाट पाहणारे असते, ते पुस्तक मुलांना उदार नव्हे, गर्विष्ठ करते. नवागत मूल गणितात हुशार असू शकते, खोडकर असू शकते, प्रसंगी चुकणारेही असू शकते. तसेच ते पुस्तकात दिसावे. तिसरे, एका दिवसाच्या कार्यक्रमाने काही होत नाही. हार, भाषण, छायाचित्र आणि समाप्ती, या मार्गाने मन बदलत नाही. इंग्लंडमधील प्रयोगालाही सहा आठवडे द्यावे लागले.

चौथे पथ्य सर्वांत अवघड आहे, कारण ते मुलांसाठी नसून मोठ्यांसाठी आहे. मूल शाळेत मैत्रीची गोष्ट ऐकते आणि संध्याकाळी जेवताना "हे बाहेरचे लोक आले आणि गाव बिघडले" असे वाक्य ऐकते. दुकानातील हमालाला, घराच्या बांधकामावरील मजुराला, रिक्षावाल्याला कोणत्या नावाने हाक मारली जाते, तेही ते ऐकते. पुस्तकाची जमा आणि घराची नावे अशी ही वही आहे; शेवटी शिल्लक काय उरते, ते पाहावे. आणि वही उघडलीच आहे तर मागची पानेही चाळावीत. या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा खांद्यावर गाठोडे घेऊन या मुलखात उतरले होते. त्यांच्या मुलांची बोली पहिल्या दिवशी वर्गात कोणाला तरी विचित्र वाटली असेल. तरीही कोणीतरी बाकावर सरकून जागा दिली असेल. आज त्यांची नातवंडे अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये शिकत आहेत, आणि तेथील वर्गात त्यांचे नाव नीट उच्चारले जावे अशी आपली अपेक्षा असते. जे आपल्या नातवाला मिळावे असे वाटते, ते मागावर काम करणाऱ्याच्या मुलीला मिळू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

आपल्या हाती काय आहे?

दुसऱ्या महायुद्धानंतरचे जर्मनीचे उदाहरण येथे आठवते. जेला लेपमान ही ज्यू पत्रकार नाझी राजवटीमुळे देश सोडून इंग्लंडला गेली होती. १९४५ साली ती उद्ध्वस्त जर्मनीत परतली, तेव्हा मुलांना अन्न-वस्त्र हवे होते. तिने त्याबरोबर पुस्तकेही मागितली. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशांकडे तिने त्यांची बालपुस्तके मागितली, आणि १९४६ साली म्युनिकमध्ये त्यांचे प्रदर्शन भरविले. १९४९ साली तेथे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभे राहिले. १९५३ साली बालपुस्तकांसाठी कार्य करणारे आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. ज्यांनी तिला देशोधडीला लावले त्यांच्याच मुलांसाठी तिने हे केले. तिच्या मानाने आपल्यापुढील काम किती सोपे आहे!

कॅनडातील मिसिसागा शहरात थॉर्नवुड नावाच्या प्राथमिक शाळेने आणखी एक वाट दाखविली. निरनिराळ्या देशांतून आलेल्या मुलांकडून त्यांनी घरच्या भाषेत आणि इंग्रजीत अशी दुभाषी पुस्तके तयार करून घेतली. ज्या आईला इंग्रजी येत नव्हते ती आपल्या भाषेतील मजकूर सांगू लागली, आणि शाळेच्या दृष्टीने निरक्षर असलेली आई एकाएकी लेखिकेची सहकारी झाली. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी अशा पुस्तकांचे महत्त्व विस्ताराने मांडले आहे. आपल्याकडे यासाठी जाड कागद, रंगखडू आणि सुई-दोरा एवढेच लागेल.

यावरून एखाद्या शाळेसाठी साधी योजना आखता येते. प्रत्येक वर्गाला वीस-पंचवीस निवडक पुस्तकांची पेटी द्यावी. त्यात आरसे असावेत, तशा खिडक्याही असाव्यात. आठवड्यातून एक तासिका, निदान सहा आठवडे, गोष्ट वाचून दाखविण्यासाठी राखून ठेवावी. मुलांचे पाच-सहा जणांचे गट करावेत, आणि प्रत्येक गटात नवे-जुने मिसळावेत. गोष्टीनंतर तात्पर्य सांगू नये, प्रश्न विचारावा. मॅडी का बोलली नाही? तिने काय करावयास हवे होते? तू असतास तर? मुलांना उत्तर देण्यास वेळ द्यावा. वर्षाअखेरीस प्रत्येक गटाने एक दुभाषी पुस्तक तयार करून ग्रंथालयात ठेवावे. नवागताच्या आईला किंवा आजीला एकदा सन्मानाने बोलावून तिच्या भाषेतील एक गोष्ट ऐकावी, आणि त्या दिवशी तिच्यासाठी खुर्ची पहिल्या रांगेत मांडावी. समान दर्जा म्हणजे काय, हे मुलांना त्या खुर्चीवरून कळेल.

यासाठी मोठ्या देणगीची आवश्यकता नाही. एका लग्नातील रोषणाईच्या खर्चात कित्येक वर्गांच्या पेट्या भरतील. आवश्यकता आहे ती शिक्षकांना वेळ देण्याची, आणि पुस्तक फाटले तर रागावण्याऐवजी ते वाचले गेले म्हणून समाधान मानण्याची.

पुस्तक सर्व काही करील असा दावा कोणी करू नये. वेतन, घरभाडे, आईवडिलांचे सतत फिरणे हे प्रश्न गोष्टींनी सुटणार नाहीत. बऱ्याचदा तर मैत्री जुळेपर्यंत हंगाम संपतो आणि ते मूल निघून जाते. म्हणूनच घाई आहे. वांडाच्या वर्गातील मुलींना उशिरा समज आली. त्या घरापाशी पोहोचल्या तेव्हा दार बंद होते.

आता पुन्हा त्या पाचवीच्या वर्गाकडे वळावे. नवी मुलगी धडा वाचते आहे. 'ळ'पाशी अडखळते. हशा पिकण्यास एक क्षण बाकी आहे. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने गेल्या महिन्यात एक गोष्ट ऐकली आहे. ती उठून भाषण करणार नाही, तशी अपेक्षाही नाही. मधल्या सुट्टीत ती आपला डबा उचलील, भिंतीपाशी जाईल आणि शेजारी बसेल. एवढेच. पन्नास वर्षांनी संस्थेचा शतकमहोत्सव होईल, तेव्हा त्या दोघींपैकी कोणीतरी अशाच एखाद्या सभागृहात बसलेली असेल, आणि ही शाळा आपली होती असे दोघीही म्हणू शकतील, अशी तजवीज आज करावयाची आहे.